फॉरमॅट मारण्यापूर्वी

आपल्याकडे संगणकाच्या बहुतेक दुखण्यांवर एकच औषध सांगितले जाते : ‘फॉरमॅट मारा.’ विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात या औषधाला अर्थही होता. दुरुस्ती करणाऱ्याकडे वेळ कमी, गिऱ्हाइकाला घाई, आणि नेमके काय बिघडले ते शोधत बसण्यापेक्षा ‘सी’ ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणे दोघांनाही परवडणारे. लग्नाचे फोटो आणि टायपिंगची कामे ‘डी’ ड्राइव्हमध्ये ठेवायची शिस्त घरोघरी लागली ती त्यातूनच. पुढे हाच माणूस लिनक्सकडे वळतो तेव्हा सवयही सोबत येते. काळ्या पडद्यावर एक अनोळखी ओळ आणि लुकलुकणारा कर्सर दिसला, की तो पेनड्राइव्ह लावतो आणि सगळे पहिल्यापासून टाकतो. बऱ्याचदा एवढे करूनही तीच ओळ पुन्हा समोर येते. मग ‘लिनक्स आपल्या कामाचे नाही’ असा शेरा बसतो आणि यंत्र कोपऱ्यात जाते.

हे पुस्तक त्या सवयीच्या विरोधात आहे. सुरू न होणाऱ्या लिनक्स यंत्रात सहसा तुमच्या फायली शाबूत असतात, प्रणालीही जागेवर असते. तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर एखादा दुवा निसटलेला असतो. तो कुठे निसटला हे यंत्र बहुधा स्वतःच सांगते. गावी निघालेला माणूस वेळेवर पोचला नाही तर घरचे आधी विचारतात, शेवटचा फोन कुठून आला होता? बूटच्या तक्रारीतही पहिला प्रश्न तोच. यंत्र कुठवर पोचले होते हे कळले, की निम्म्याहून अधिक शक्यता तिथेच गळून पडतात.

हा विषय आज ऐरणीवर येण्याला तसेच कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. चौथ्या-पाचव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह डेस्कटॉप त्यामुळे एका फटक्यात ‘जुने’ ठरले. टायपिंग, ब्राउझर, हिशेब, व्हिडिओ ही कामे ते अजून बिनतक्रार करतात. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकण्याचा विचार शाळा, छोटी कार्यालये आणि घरे करू लागली आहेत. टाकणे सोपे झाले आहे हे खरे. पण जुन्या यंत्राची अर्धमेली बॅटरी, डिस्कवर आधीपासून असलेले विंडोज आणि फर्मवेअरमधल्या विसरलेल्या सेटिंग यांच्याशी गाठ पडते ती पहिल्याच संध्याकाळी.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत पाच मुक्काम आहेत. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. जुन्या यंत्रात ते बायोस, नव्यात यूईएफआय. ते बूटलोडरला शोधून त्याच्या हाती कारभार देते. डेस्कटॉप लिनक्समध्ये हा बूटलोडर बहुधा ग्रब असतो. ग्रब दोन गोष्टी मेमरीत चढवतो : कर्नल आणि इनिटरॅमएफएस नावाची एक छोटी तात्पुरती प्रणाली. खरी डिस्क शोधून जोडण्यापुरतीच तिची गरज असते. डिस्क जोडली की सूत्रे सिस्टमडीकडे जातात आणि तो एकेक सेवा सुरू करतो. शेवटी लॉगिनचा पडदा आणि डेस्कटॉप. प्रत्येक मुक्कामाच्या तक्रारीची भाषा वेगळी असते. कंपनीचे बोधचिन्ह दिसून पुढे ‘बूट होण्याजोगे उपकरण नाही’ असे आले, तर ग्रब अजून चित्रातच आलेला नाही; अशा वेळी ग्राफिक्स ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. उलट लॉगिनचा पडदा आला असेल, तर ग्रब दुरुस्त करायला घेणे म्हणजे चालू असलेली गोष्ट मोडायला घेणे.

ही मुक्कामांची समज नवी नाही. लिनस टॉरव्हाल्ड्सने हेलसिंकीत १९९१ साली लिनक्सचा पहिला कर्नल प्रसिद्ध केला आणि त्यानंतर लवकरच लिलो हा बूटलोडर आला. लिलो सुरू होताना पडद्यावर आपल्या नावाची चार रोमन अक्षरे एकेक करून छापत असे आणि प्रत्येक अक्षर एक टप्पा पार पडल्याची पावती असे. पहिलेच अक्षर छापून थांबला, तर पहिला भाग चढला पण दुसरा डिस्कवरून वाचता आला नाही. दोन अक्षरांवर अडला, तर दुसरा भाग चढला पण चालू झाला नाही. बहुधा डिस्कची मोजमापे बायोस एक सांगते आणि लिलो दुसरी धरून चालतो. तिसऱ्यावर थांबला, तर दुसरा भाग चालू झाला पण कर्नल कुठे आहे याचा नकाशा त्याला मिळाला नाही. चारही अक्षरे आली म्हणजे वाट मोकळी. चार अक्षरांत सगळे निदान! लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला, पण थांबलेली जागा वाचायची ही रीत कायम आहे. आता फक्त अक्षरांऐवजी वाक्ये येतात.

ग्रबची वाक्ये समजायला त्याची घडण माहीत हवी. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ ओळखखुणेसाठी. ४४६ बाइटांत फाइल सिस्टिम वाचता येणारा बूटलोडर बसवणे अशक्य, म्हणून ग्रब स्वतःचे तुकडे करतो : एक पहिल्या सेक्टरमध्ये, दुसरा त्यालगतच्या मोकळ्या जागेत, आणि बाकी संसार लिनक्सच्या पार्टिशनवर. आता एखाद्याने विंडोजमध्ये जाऊन ‘ही पार्टिशन रिकामी दिसते’ म्हणून लिनक्सची पार्टिशन उडवली, की पुढच्या वेळी पहिले दोन तुकडे जागे होतात, तिसरा सापडत नाही, आणि पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ची ओळ येते. मधल्या मध्ये विंडोजही अडकून पडते. ते पूर्ण शाबूत असते. दारावर बसलेल्या ग्रबलाच पुढचे काही सापडत नसते. हे ज्याला ठाऊक आहे, तो विंडोजच्या रिपेअर डिस्कने पहिला सेक्टर नव्याने लिहून घेतो. ज्याला ठाऊक नाही, तो फॉरमॅट मारतो आणि ‘डी’ ड्राइव्हसकट सगळे घालवून बसतो.

यूईएफआयने हा तुकड्यांचा खेळ संपवला. यूईएफआय फोरम २००५ साली स्थापन झाला आणि विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ पासून, ही पद्धत घरगुती यंत्रांत सर्रास आली. इथे फर्मवेअरला फॅट पद्धतीची पार्टिशन वाचता येते; तिच्यावर प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर साध्या फाइलच्या रूपात ठेवलेला असतो आणि कोणती फाइल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. व्यवस्था स्वच्छ झाली, पण तिच्याबरोबर इन्स्टॉलेशनच्या तक्रारींतले सगळ्यात मोठे कारणही आले.

ते कारण जवळून पाहण्यासारखे आहे. पेनड्राइव्ह लावून एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनू उघडला, की कित्येक यंत्रांत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एका नावाच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलेले असते, दुसऱ्याच्या आधी काही नसते. घाईत माणूस वरचे नाव निवडतो. ते जुन्या पद्धतीचे असेल तरी लिनक्स छान चालते, इन्स्टॉलर शेवटपर्यंत जातो, अभिनंदनाचा संदेशही देतो. पुन्हा चालू केल्यावर मात्र सरळ विंडोज उघडते, लिनक्सचा मागमूस नाही. घडलेले एवढेच, की डिस्कवरचे विंडोज यूईएफआय पद्धतीने सुरू होते आणि ग्रब बसला जुन्या पद्धतीने. दोघे शेजारी राहतात, पण एकाच्या दाराशी गेलेल्याला दुसऱ्याचे दार दिसत नाही. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे : पेनड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरच्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर आहे का, ते पाहायचे. असेल तर यूईएफआय पद्धत, नसेल तर जुनी. ही तपासणी इन्स्टॉलर सुरू करण्यापूर्वी करायची, नंतर नव्हे.

डिस्कच न दिसण्याचे प्रकरणही असेच. कित्येक लॅपटॉप आणि ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये डिस्क इंटेलच्या आरएसटी पद्धतीत लावून येते. विंडोजला ती दिसते, लिनक्सच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, आणि डिस्क मेली असा समज होतो. फर्मवेअरमध्ये ती सेटिंग एएचसीआय केली की डिस्क हजर. मात्र थेट बदल केला तर विंडोज उघडायचे थांबते. त्यासाठी विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगावे लागते. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण फर्मवेअरमध्ये बदल झाल्याचे दिसताच विंडोज ती मागू शकते. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद करावे. त्याच्यामुळे विंडोज ‘बंद’ झाल्यासारखे दिसले तरी अर्धवट झोपलेले असते, आणि मग लिनक्स त्या पार्टिशनवर काही लिहायला नकार देते. तो नकार तुमच्याच फायलींच्या हिताचा असतो.

सिक्युअर बूटबद्दल लोकांत दोन टोकाची मते आहेत : काही जण डोळे मिटून ते बंद करायला सांगतात, काही जण त्याला हात लावू नका म्हणतात. या सोयीत फर्मवेअर फक्त सही असलेला बूटलोडर चालवते. लिनक्ससाठी ‘शिम’ नावाचा एक छोटा दुवा असतो. त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि तो पुढे ग्रबला ओळखतो. व्यवस्था बहुतेक वेळा निमूट काम करते. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्ययावतीकरणाने मात्र ती चव्हाट्यावर आणली. जुने, सदोष बूटलोडर रोखण्यासाठी त्यात ‘एसबॅट’ नावाची एक यादी होती. दोन प्रणाली एकत्र असलेल्या यंत्रांवर ती लागू होऊ नये अशी योजना होती, पण काही ठिकाणी यंत्रात लिनक्सही आहे हे ओळखले गेले नाही. रात्री विंडोज बंद केले, सकाळी लिनक्स उघडायला गेले, तर ‘काहीतरी गंभीर चुकले आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि यंत्र बंद. वाचकाने इथे एक गोष्ट टिपावी : त्या ओळीतच ‘शिम’ आणि ‘एसबॅट’ ही नावे होती. म्हणजे डिस्क ठीक, लिनक्स ठीक, अडवणूक दारावरच्या तपासणीत. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समधून ती यादी काढून, शिम अद्ययावत केला की काम झाले. ज्यांनी त्या दिवशी लिनक्स पुसून नव्याने टाकले, त्यांनी निष्कारण सगळे घालवले.

कर्नलच्या मुक्कामावरचा सगळ्यात भयानक दिसणारा संदेश म्हणजे ‘कर्नल पॅनिक’, आणि त्यात ‘रूट फाइल सिस्टिम जोडता येत नाही’ अशी ओळ. अद्ययावतीकरणानंतर तो आला असेल तर एक नेहमीचे कारण अगदी मामुली असते : बूटसाठी वेगळी छोटी पार्टिशन आहे, जुने कर्नल साठून ती भरली, आणि नव्या कर्नलचा इनिटरॅमएफएस पूर्ण लिहिलाच गेला नाही. ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीचा कर्नल निवडला की यंत्र चालू होते. मग जागा मोकळी करून नव्या कर्नलचा इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करायचा. फेडोरा तर मुळातच शेवटचे ३ कर्नल राखून ठेवते, ते अशाच दिवसासाठी.

काळा पडदा पडला, पण डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा, विशेषतः एनव्हिडियाचे कार्ड असेल तेव्हा. ग्रबच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला की कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवून साध्या पडद्यावर सुरू होतो; आत शिरून योग्य ड्रायव्हर टाकता येतो. त्याच ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढले, तर सुंदर बोधचिन्हामागे दडलेले सगळे संदेश धडाधड दिसू लागतात. यंत्राला बोलते करायची ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

सिस्टमडीच्या मुक्कामावरची एक तक्रार दुसरे लिनक्स टाकणाऱ्यांना हमखास भेटते. यंत्र सुरू होते, पण प्रत्येक वेळी दीड मिनिट थांबून. पडद्यावर एक तांबडी खूण डावी-उजवीकडे फिरते आणि शेजारी ९० सेकंदांची मुदत मोजली जाते. दुसऱ्या लिनक्सच्या इन्स्टॉलरने सामायिक स्वॅप पार्टिशन नव्याने फॉरमॅट केली, तिचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक बदलला, आणि पहिले लिनक्स आपल्या ‘एफस्टॅब’ या फाइलमध्ये लिहिलेल्या जुन्या क्रमांकाची वाट पाहत बसले. फाइलमधला एक क्रमांक बदलायचा, दीड मिनिट वाचते. नव्याने इन्स्टॉल करून हे सुटते खरे, पण त्या वेळी स्वॅपचा क्रमांक पुन्हा बदलतो आणि दुखणे शेजारच्या लिनक्सला लागते.

शेवटच्या मुक्कामावर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा येतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून अक्षरी पडद्यावर जावे आणि डिस्कवर जागा किती उरली ते पाहावे. ती शंभर टक्के भरलेली असेल तर डेस्कटॉपला स्वतःची तात्पुरती फाइलही लिहिता येत नाही, म्हणून तो बाहेर ढकलतो.

काही दुखणी मात्र खास आपल्या परिसरातली. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वीज अचानक गेली की पुढच्या वेळी इनिटरॅमएफएसची ओळ दिसू शकते, आणि ‘एफएसचेक हाताने चालवा’ अशी सूचना. ती सूचना शब्दशः पाळायची असते. कोणती पार्टिशन, हेही तिथेच लिहिलेले असते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला, की यंत्र दरवेळी कित्येक वर्षे मागच्या तारखेला जागे होते आणि फर्मवेअरच्या सेटिंग मूळपदावर जातात. काल चालणारे लिनक्स आज उठत नाही, त्याचे मूळ कधी कधी त्या नाण्याएवढ्या सेलमध्ये असते. आणि विंडोजचे घड्याळ लिनक्स वापरून आल्यावर बरोबर साडेपाच तास मागे दिसले, तर सेलला दोष देऊ नये. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक समजते. फरक भारतीय प्रमाणवेळेचा.

या सगळ्यांत हाताशी असावे असे हत्यार एकच : चालू होणारा लाइव्ह पेनड्राइव्ह. जर्मनीतल्या क्लाउस नॉपरने २००० साली नॉपिक्स काढले आणि डिस्कला न शिवता पूर्ण लिनक्स सीडीवरून चालवण्याची सोय लोकप्रिय झाली. आपल्याकडे पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी आणि उबुंटूने २०११ पर्यंत टपालाने फुकट पाठवलेल्या सीडी यांवर एक पिढी शिकली. आता आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकता येतात. लाइव्ह लिनक्समधून आधी फायली दुसरीकडे उतरवायच्या, मग डिस्कवरची अडलेली प्रणाली जोडून ‘सीएचरूट’ने तिच्या आत शिरायचे आणि आतून ग्रब, कर्नल किंवा एफस्टॅब दुरुस्त करायचे. मात्र पेनड्राइव्हवर विसंबण्यापूर्वी उतरवलेल्या आयएसओ फाइलचा चेकसम ताडून पाहावा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे अडलेल्या इन्स्टॉलेशनचा ठपका आजवर कितीतरी निरपराध डिस्कांवर आला आहे.

पुस्तकाची मांडणी या पाच मुक्कामांनुसार केली आहे. वाचकाने पडद्यावरची शेवटची ओळ मोबाइलने टिपावी, ती कोणत्या मुक्कामाची ते ठरवावे आणि थेट त्या प्रकरणाकडे जावे. उबुंटू, मिंट आणि डेबियन यांच्या कमांड एकत्र दिल्या आहेत. फेडोराच्या जिथे वेगळ्या आहेत तिथे वेगळ्या. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा नियम प्रत्येक प्रकरणात पुन्हा आला आहे. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले ते कधीच कळत नाही.

फॉरमॅट कधीच मारू नये, असा हट्ट इथे नाही. आजच टाकलेले लिनक्स चुकीच्या पद्धतीने बसले असेल आणि त्यात अजून काही ठेवलेले नसेल, तर योग्य पद्धतीने पुन्हा टाकणेच शहाणपणाचे. डिस्कच्या स्मार्ट अहवालात खराब सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर फायली उतरवून डिस्कच बदलावी. तिथे कोणतीही कमांड उपयोगाची नाही. पण हे निर्णय कारण कळल्यावर घ्यायचे आहेत, कारण टाळण्यासाठी नव्हे.

म्हणून पहिले प्रकरण यंत्र धडधाकट असतानाच उघडावे. लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून तो आपल्या यंत्रावर चालतो याची खात्री करावी. यंत्र कोणत्या पद्धतीने बूट होते, कोणती पार्टिशन कशासाठी आहे आणि तिचा यूयूआयडी काय, हे कागदावर उतरवून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. ज्या दिवशी यंत्र अडेल, त्या दिवशी ही माहिती त्याच्याकडून सहजी मिळणार नाही.